प्लाझ्मा कटर जुन्या मॉडेलचा घ्यावा की नव्या? कोल्हापूरच्या वर्कशॉपवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दुकानात दोन प्लाझ्मा कटर आहेत, म्हणजे विजेच्या आर्कनं आणि दाबाच्या हवेनं लोखंड कापणारी मशीनं, एक जुन्या मॉडेलचा, एक नव्या. दोन्ही ४५ अँपचे, एकाच कंपनीचे, आणि दोन्ही रोज चालतात. त्यामुळे शिरोलीपासून गडहिंग्लजपर्यंतचे ओळखीचे लोक मशीन घ्यायच्या आधी आमच्याकडं एक चक्कर टाकतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. आकडे हायपरथर्म कंपनीच्या पॉवरमॅक्स मशीनचे दिलेत, कारण आमच्या हाताखाली तीच मशीनं आहेत. तुम्ही दुसऱ्या कंपनीचं घेणार असाल तरी तपासायच्या गोष्टी त्याच.

जुन्या आणि नव्या मॉडेलमध्ये नेमका फरक काय? आतलं तत्त्व तर तेच ना?

तत्त्व तेच. तांब्याच्या इलेक्ट्रोडपासून प्लेटपर्यंत आर्क जातो, नोझलच्या बारीक भोकातून दाबाची हवा त्याला आवळते, तिथं वीस हजार अंशांच्या घरातली उष्णता तयार होते. लोखंड वितळतं आणि तीच हवा ते खाली उडवून देते. यात काही बदललेलं नाही.

बदललं ते त्याच्या भोवतीचं. जुना पॉवरमॅक्स ४५ आणि त्याच्या जागी २०१६ मध्ये आलेला ४५ एक्सपी शेजारी ठेवून बघा. जुन्यावर हवेचा दाब बटण फिरवून आपण जुळवायचा. नवा मात्र काम कोणतं चाललंय आणि टॉर्चची केबल किती लांब आहे हे बघून दाब स्वतः ठरवतो. इलेक्ट्रोड संपत आला की नवा आपोआप थांबतो, त्यामुळे टॉर्चचं डोकं जळत नाही. जुना थांबत नाही, तिथं कारागिराचं लक्ष हवं. टॉर्चही वेगळी आहे, आणि हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा: दोघांचे नोझल-इलेक्ट्रोड एकमेकांना चालत नाहीत. एकाचे स्पेअर दुसऱ्यात बसवायचा प्रयत्न करू नका.

दोन्ही ४५ अँपचे, मग नवा जास्त जाड कसा कापतो?

अँपवरून ताकद कळत नाही, व्होल्टही बघावे लागतात. जुन्याचं आउटपुट ४५ अँपला १३२ व्होल्ट, म्हणजे साधारण ५.९ किलोवॅट. नव्याचं ४५ अँपला १४५ व्होल्ट, म्हणजे ६.५ किलोवॅट. मिनिटाला अर्धा मीटर या वेगानं जुना १२ मिलिमीटर प्लेट कापतो, नवा १६. वेगाचा विचार सोडून नुसते दोन तुकडे करायचे म्हटलं तर जुना २५ पर्यंत जातो, नवा २९ पर्यंत. पण तो कट भंगाराला चालेल, वेल्डिंगला लावायचा जॉब म्हणून चालणार नाही.

सुताच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भाषेत सांगायचं तर जुना चार सुताचा आणि नवा पाच सुताचा. भोक पाडून सुरुवात करायची असेल तर दोघांचीही क्षमता यापेक्षा कमी धरा. जुन्यानं तीन सुतापर्यंत आणि नव्यानं चार सुतापर्यंत भोक पाडावं. टॉर्च आधी तिरकी धरून ठिणग्या बाजूला जाऊ द्यायच्या आणि भोक आरपार झालं की सरळ करायची. सरळ धरून भोक पाडलं की वितळलेलं लोखंड उलटं नोझलवर उडतं, आणि नवं नोझल पहिल्याच भोकाला वाया जातं.

मग मी कोणतं घ्यावं?

तुमच्या दुकानात गेल्या महिन्यात कोणती प्लेट जास्तीत जास्त कापली गेली, ते आधी वहीत बघा. वर्षातून दोनदा येणारी २० मिलिमीटरची प्लेट डोळ्यासमोर ठेवून लोक मशीन घेतात आणि रोज कापतात दीड मिलिमीटरचा पत्रा. त्या दोन जॉबला गॅस कटिंग आहेच की.

गेट, ग्रिल, शेड, पत्र्याचं काम असेल तर चांगल्या अवस्थेतलं जुनं मॉडेल पुष्कळ झालं. उसाच्या ट्रॉल्या बांधत असाल, म्हणजे चॅनल, अँगल आणि तीन ते सहा मिलिमीटरचा पत्रा, तरीही जुनं भागतं. मात्र हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची गर्दी असते, मशीन दिवसभर थांबत नाही. तेव्हा जुन्या मशीनचे सुटे भाग उद्या सकाळी हातात मिळतील का, हे आधी बघून ठेवा.

साखर कारखान्याच्या दुरुस्तीची कामं घेत असाल तर नव्याकडं वळा, असं मी स्पष्ट सांगतो. तिथं स्टेनलेस असतं, चार सुताची प्लेट रोज असते आणि जुनं वेल्डिंग खरवडून काढायचं काम भरपूर असतं. या खरवडण्याला, म्हणजे गाउजिंगला, नव्या मॉडेलमध्ये दोन तऱ्हा आहेत, एक खोल आणि एक बारीक हातानं करायची. बारीक गाउजिंगनं फक्त टाका निघतो, खालची प्लेट शाबूत राहते. जुन्यावरही गाउजिंग होतं, पण हात फार सांभाळावा लागतो.

फौंड्रीवाल्यांचं वेगळं आहे. रायझर कापायला, फिन उडवायला, म्हणजे ओतीव जॉबवरचा जादा धातू काढायला, ४५ अँप बहुतेकदा लहान पडतो. त्यांनी ८५ किंवा १०५ अँपच्या गटात जुनं-नवं बघावं.

सेकंडहँड बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय तपासायचं?

आधी टॉर्च. मशीनचा रंग, चाकं, स्टिकर हे सगळं नंतर. माझ्या उमेदवारीच्या काळात आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, "बाळ, पेटीकडं बघू नकोस, तोंडाकडं बघ." आजही मी तेच करतो.

मेन स्विच बंद करून प्लग काढा. पुढची कॅप फिरवून उघडा, शील्ड, नोझल, इलेक्ट्रोड, स्विर्ल रिंग (हवेला भोवरा देणारी कडी) असा क्रम लावून टेबलावर मांडा. नोझल ट्यूबलाइटकडं धरून भोकातून बघा. भोक गोल असेल तर ठीक, अंड्यासारखं लांबट झालं असेल तर ते संपलं. इलेक्ट्रोडच्या टोकाला मध्यभागी राखाडी ठिपका दिसतो, तो हाफ्नियम धातूचा. त्यात खड्डा पडलेला असतोच, पण तो १.६ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर इलेक्ट्रोड बदलायच्या पलीकडं गेलेला आहे. स्विर्ल रिंगची बारीक भोकं बुजली आहेत का, तिला तडा आहे का, बघा. हे सगळं संपलेलं निघालं तरी घाबरू नका, ते बदलायचेच भाग आहेत. घाबरायचं ते टॉर्चच्या डोक्याच्या आतले आटे जळलेले असतील तर. इलेक्ट्रोड हातानं सैल फिरत असेल किंवा आटे काळेकुट्ट असतील तर पूर्ण टॉर्च बदलावी लागेल, आणि जुन्या मॉडेलच्या सौद्यात तीच एक गोष्ट सगळा फायदा खाऊन टाकते.

मग केबल. टॉर्चजवळ आणि मशीनजवळ वाकवून बघा, आतली हवेची नळी चिरलेली असेल तर फुसफुस ऐकू येते. अर्थ क्लॅम्पचा स्प्रिंग ढिला नसावा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कॅप काढली की मशीन बंद पडलं पाहिजे, त्यासाठी टॉर्चमध्ये सेन्सर असतो. तो खराब झाला की काही जण वायर डायरेक्ट जोडून काम चालू ठेवतात. या मशीनचा रिकामा, म्हणजे कट चालू नसतानाचा, व्होल्टेज पावणेतीनशे व्होल्ट डीसी आहे, वेल्डिंग मशीनच्या कितीतरी पट. तपासताना कॅप सैल करा, मशीन चालू करा, टॉर्च हातात न घेता फक्त पॅनेलवर बघा. लाल दिवा किंवा एरर आला तर सेन्सर जागेवर आहे. काहीच आलं नाही तर ते मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

शेवटी स्वतःची प्लेट घेऊन जा. विकणाऱ्याकडं पातळ पत्रा ठेवलेला असतो, त्यावर कोणतंही मशीन छान कापतं. तुमची रोजची जी प्लेट आहे तिच्यावर पाच मिनिटं सलग कापून बघा.

पुरात बुडालेलं मशीन ओळखायचं कसं?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या भागात किती वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यातली काही मशीनं धुऊन, वाळवून, रंग देऊन बाजारात आली. ज्यांचं नुकसान झालं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

बाहेरून कळत नाही. विकणाऱ्याच्या परवानगीनं वरचं कव्हर उघडा. चालू मशीन नुकतंच बंद केलं असेल तर कॅपॅसिटर उतरायला पाच मिनिटं द्या. आत पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी बघा, हीटसिंकच्या फटींच्या तळाशी बघा. वर्कशॉपची धूळ काळी असते आणि बोटाला लोखंडाचा कीस लागतो. पुराचा गाळ पिवळट, मऊ, वाळून पापुद्रा झालेला असतो. स्क्रूच्या खाचांमध्ये गंज, आतल्या सर्किट बोर्डावर सुट्या भागांच्या पायांभोवती पांढरी-हिरवी भुकटी, ही दुसरी खूण. असं मशीन सहा महिने नीट चालतं आणि पुढच्या पावसाळ्यात बोर्ड जातो. आमच्या एका मित्राचं तसंच झालं, आणि बोर्डाची किंमत त्यानं दिलेल्या मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाली.

पावसाळ्यात माझं मशीन नोझल खातं. जुनं झालं म्हणून का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न जून ते सप्टेंबरमध्येच येतो, यातच उत्तर आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. जुना प्लाझ्मा घेतला त्या वर्षी जुलैत कारखान्याच्या दुरुस्तीचं काम आलं. गळीत हंगाम संपल्यावर कारखान्यांची दुरुस्ती चालते, म्हणजे आमचं सगळ्यात जड काम नेमकं सगळ्यात दमट महिन्यांत येतं. दिवसाला तीन-तीन इलेक्ट्रोड जायला लागले. आर्क थरथरायचा, हिरवट व्हायचा, कडेला बर, म्हणजे वितळून चिकटलेलं लोखंड, जमायची. मी मशीनला दोष दिला, नवीन मॉडेलची चौकशीही सुरू केली. मिस्त्रींनी फक्त कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन उघडला. तांबूस पाण्याची धार लागली ती थांबेचना. बादली खाली ठेवावी लागली.

हिशेब करून बघा. पावसाळ्यात २७ अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी असतं. ४५ अँपचा प्लाझ्मा मिनिटाला १८० लिटरच्या आसपास हवा ओढतो, तासाला जवळपास ११ घनमीटर. म्हणजे तासभर सलग हवा वाहिली तर पाव लिटरच्या घरात पाणी त्या हवेबरोबर येतं. दाबाखाली हवा ते धरून ठेवू शकत नाही. टाकीत, पाइपात, शेवटी टॉर्चमध्ये ते सुटतं. तापलेल्या हाफ्नियमवर ओलावा आणि कॉम्प्रेसरचं तेल आलं की तो भराभर झिजतो.

म्हणून आमचा नियम: मशीन नवं घ्या की जुनं, पैसे आधी हवेवर खर्च करा. टाकी रोज संध्याकाळी ड्रेन करायची, पावसाळ्यात दुपारीही एकदा. कॉम्प्रेसरपासून मशीनपर्यंतचा पाइप किंचित उताराचा ठेवायचा, फांदी वरून काढायची, खालून नाही, आणि टोकाला पाण्याचा सापळा ठेवायचा. मशीनच्या अगदी मागं फिल्टर. रोजचं काम असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्या, तो हवेचा दवबिंदू ३ अंशांपर्यंत खाली आणतो. कंपनी याहून कोरडी हवा मागते, उणे ४० अंश दवबिंदूची, त्याला सिलिका जेल किंवा तत्सम शोषक ड्रायर लागतो. आपल्याकडच्या हातानं करायच्या कामाला रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि चांगला फिल्टर यांनी आमचं भागलं आहे. ड्रायर लावल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याच जुन्या मशीनचा एक इलेक्ट्रोड दोन-अडीच दिवस चालू लागला.

तपासायची सोपी रीत: कॉम्प्रेसर अर्धा तास चालून गरम झाला की हवेची नळी मशीनला जोडायच्या आधी पांढऱ्या कागदावर थोडी सोडा. कागद ओला झाला तर पाणी, पिवळा डाग उरला तर तेल. ती हवा नव्या मशीनलाही खाणारच.

माझा २ एचपीचा कॉम्प्रेसर चालेल का?

सलग कामाला नाही. जुन्या ४५ ला मिनिटाला १७० लिटर हवा लागते, एक्सपीला १८८, म्हणजे ६ ते पावणेसात सीएफएम (मिनिटाला घनफूट). कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटवर बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंट लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बाहेर येणारी हवा त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के धरा. २ एचपीवर टाकी भरलेली असेपर्यंत कट चांगला येतो, मग दाब घसरतो आणि आर्क तुटतो. ३ एचपीवर गेट-ग्रिलचं काम निघतं, दिवसभराच्या कामाला ५ एचपी घ्या. नव्या मॉडेलला हवा थोडी जास्तच लागते, हे विसरू नका. मशीन नवं आणलं आणि कॉम्प्रेसर तोच ठेवला की तक्रार सुरू होते.

सिंगल फेजवर चालतो म्हणतात, खरं का?

चालतो, पण वायरिंग आणि मंजूर भार त्या तोलाचा हवा. ४५ अँपच्या कटला सिंगल फेजवर ३० ते ४० अँप ओढले जातात, थ्री फेजवर साधारण १० अँप. घराशेजारच्या शेडमध्ये पिवळ्या पडलेल्या जुन्या वायरीवर हे मशीन लावू नका. शिवाय सिंगल फेजचं आणि थ्री फेजचं मशीन वेगवेगळं येतं, सेकंडहँड घेताना मागची प्लेट वाचा. जनरेटरवर साइटला न्यायचं असेल तर पूर्ण ४५ अँपसाठी साडेबारा किलोवॅटचा सेट धरा.

एचएफ स्टार्ट म्हणजे काय? जुन्या मशीनमध्ये तो असतो म्हणून घेऊ नये म्हणतात.

आर्क पेटवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत उच्च वारंवारतेच्या ठिणगीनं हवेतल्या फटीतून आर्क पेटतो, तो एचएफ. दुसऱ्या रीतीत इलेक्ट्रोड आणि नोझल एकमेकांना टेकलेले असतात, ट्रिगर दाबला की करंट सुरू होतो आणि हवा त्यांना ढकलून वेगळं करते. त्या फटीत आर्क जन्मतो. पॉवरमॅक्सची जुनी-नवी दोन्ही मॉडेलं या दुसऱ्या रीतीची आहेत, त्यामुळे तो प्रश्न तिथं येत नाही. पण या रीतीत हवा कमी पडली की आर्क पेटतच नाही, आणि लोक मशीन बिघडलं समजतात.

स्वस्तातल्या बऱ्याच जुन्या इन्व्हर्टर मशीनमध्ये एचएफ असतो. हातानं पत्रा कापायला त्यात काही वाईट नाही. सीएनसी टेबलाला, म्हणजे संगणकाच्या हुकमावर टॉर्च फिरवणाऱ्या टेबलाला, लावायचं असेल तर घेऊ नका. एचएफची ठिणगी कंट्रोलरला आणि मोटरच्या ड्राइव्हला त्रास देते, टेबल मधेच थांबतं, नाहीतर स्वतःहून पुढं सरकतं. मशीनजवळ पेसमेकर लावलेला माणूस असेल तर त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्लाझ्माजवळ थांबू नये, मग स्टार्ट कोणताही असो.

सीएनसी टेबल करायचं आहे. जुन्यावर होईल?

होईल. पण मशीनच्या मागं सीएनसीचा पोर्ट आहे का ते आधी बघा, हा पोर्ट जुन्या-नव्या दोन्ही मॉडेलांत ऐच्छिक होता. पोर्ट नसलेल्या मशीनला किट मिळतं, त्याचा खर्च सौद्यात धरा. टॉर्चची उंची आपोआप राखायची तर आर्कचा व्होल्टेज कमी करून कंट्रोलरला द्यावा लागतो, त्याचं गुणोत्तर, म्हणजे ५० ला १ वगैरे, तुमच्या कंट्रोलरशी जुळायला हवं. हातातली टॉर्च टेबलाला बांधून चालवणारे बघितलेत, उंची सारखी राहत नाही. त्यापेक्षा टेबलावर बसवायची मशीन टॉर्चच घ्या.

टेबलासाठी माझं मत नव्या मॉडेलकडं झुकतं. कंट्रोलर त्याच्याशी थेट बोलून अँप आणि दाब ठरवू शकतो, आणि आरगॉन वापरून १० अँपला प्लेटवर खुणा आखता येतात. भोकांचे मध्यबिंदू, जॉब नंबर सगळं टेबलावरच येतं, पंच मारायचा वेळ वाचतो.

कट तिरका येतो. मशीन जुनं झालं?

थांबा, आधी कोणती बाजू तिरकी येते ते बघा. स्विर्ल रिंग हवेला भोवरा देते, त्यामुळे प्लाझ्माच्या कटची एक बाजू सरळ आणि दुसरी थोडी तिरकी असतेच. टॉर्च ज्या दिशेनं पुढं चालली तिच्या उजव्या हाताचा काठ सरळ येतो. म्हणून गोल चकती कापताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरा, चकती उजवीकडं राहते. प्लेटमध्ये भोक हवं असेल तर उलट फिरा. आमच्याकडं एक मुलगा महिनाभर फ्लॅंजच्या कडा ग्राइंडरनं सरळ करत बसला होता. फिरायची दिशा बदलली, ग्राइंडर ठेवून दिला.

दोन्ही बाजू तिरक्या येत असतील तर नोझल झिजलं आहे किंवा टॉर्च उंच धरली जाते आहे.

बरीवरूनही कळतं. हळू कापलं की खाली जाड, फुगीर बर येते, छिन्नीनं पटकन निघते. फार जलद कापलं की बारीक, कडक, चिकटलेली बर येते, तिला ग्राइंडरच लागतो. दोन्हींच्या मधला वेग सापडला की बर जवळपास राहत नाही. ठिणग्या प्लेटखाली किंचित मागं झुकून पडत असतील तर वेग बरोबर आहे.

डुप्लिकेट नोझल चालतात का?

बसतात. चालतात किती, हे तुम्ही स्वतः मोजा. एक मूळ आणि एक नकली जोडी घ्या, त्याच प्लेटवर, त्याच कारागिराकडून, त्याच हवेवर चालवा आणि किती मीटर कट झाला ते खडूनं भिंतीवर लिहा. आम्ही मोजलं तेव्हा नकली इलेक्ट्रोड स्वस्त असूनही मीटरमागं महाग पडला. हाफ्नियमचा तुकडा किती खोल बसवलाय आणि भोक किती मध्यावर आहे यावर सगळं अवलंबून, आणि ते बाहेरून दिसत नाही.

जुन्या मॉडेलची खरी कसोटी स्पेअरवर आहे. मशीन घ्यायच्या आधी तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला फोन करून त्या टॉर्चचे नोझल, इलेक्ट्रोड, स्विर्ल रिंग आणि कॅप, चारही गोष्टी तयार आहेत का विचारा. "मागवून देतो" हे उत्तर दोनदा आलं तर त्या मशीनचा विचार सोडा. स्वस्तातल्या चिनी मशीनमध्ये पी-८० टॉर्च असेल तर तिचे भाग सहज मिळतात, ही त्यांची खरी जमेची बाजू आहे.

कार्ट्रिजवालं नवं मॉडेल ऐकलंय, ते काय?

२०२१ मध्ये पॉवरमॅक्स ६५, ८५ आणि १०५ ची सिंक नावाची आवृत्ती आली, नंतर ४५ लाही ती आली. नोझल, इलेक्ट्रोड, स्विर्ल रिंग असे पाच सुटे भाग जोडण्याऐवजी एकच कार्ट्रिज टॉर्चला लावायचं. त्यात चिप असते, ती मशीनला किती अँप आणि किती दाब हवा ते सांगते. चुकीचं नोझल लागण्याची भानगड संपते. कारागीर सारखे बदलत असतील, तीन शिफ्ट चालत असतील, तर हे फार उपयोगी आहे. एकाच अनुभवी माणसाच्या हातात मशीन असेल तर मला त्याची तेवढी गरज वाटत नाही, कारण इलेक्ट्रोड संपला तरी नोझल पूर्ण वापरता येतं ही सुट्या भागांची काटकसर कार्ट्रिजमध्ये होत नाही. जुन्या ६५, ८५, १०५ च्या ड्युरामॅक्स टॉर्चला अडॅप्टर लावून कार्ट्रिज वापरता येतं, त्यासाठी मशीन बदलायची गरज नाही.

५० टक्के ड्युटी सायकल म्हणजे अर्धा दिवस मशीन बंद?

नाही. दहा मिनिटांच्या हिशेबानं बघतात. पूर्ण ४५ अँपला ५० टक्के म्हणजे दहापैकी पाच मिनिटं आर्क चालू. हा आकडा ४० अंश हवेचा आहे, आपला मे महिना त्यात बसतो. हातानं काम करताना माप घेणं, प्लेट सरकवणं यात निम्मा वेळ जातोच, त्यामुळे अडत नाही. सीएनसीवर मात्र अडतं, तिथं मोठं मशीन घेऊन कमी अँपवर चालवावं. कोणी स्वस्तातलं ६० अँपचं मशीन दाखवलं तर ६० अँपला ड्युटी सायकल किती आणि ती किती अंशांना मोजलीय, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर समजून जा.

बिल नसलेलं मशीन स्वस्त पडतं, घ्यावं का?

जीएसटी नोंदणी असेल तर नव्या मशीनच्या बिलावरचा १८ टक्के कर वळता करून घेता येतो. हे धरून नव्या-जुन्यातलं अंतर पुन्हा मोजा, ते वाटतं तेवढं राहत नाही. शिवाय बिल नसलेलं मशीन चोरीचं नाही हे तुम्ही कशावरून सांगणार?

गॅस कटिंगचा सेट विकून टाकू?

विकू नका. ४० मिलिमीटरच्या पुढची प्लेट, वाकवायला गरम करणं, गंजलेला बोल्ट सोडवणं, हे सगळं गॅसचंच काम आहे. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम मात्र गॅसनं कापता येत नाहीत, तिथं प्लाझ्माच.

काच किती नंबरची? आणि धुराचं काय?

४० ते ६० अँपला किमान ६ नंबर, त्याच्या वर ८. साधा काळा गॉगल चालत नाही. जस्ताचा पत्रा कापताना जो पांढरा धूर निघतो त्यानं रात्री थंडी वाजून ताप येतो. पंखा पाठीमागून लावा, तोंडासमोरून नाही, आणि शक्य असेल तर कडेचं जस्त आधी घासून काढा. तेलाचा किंवा रंगाचा बंद डबा, पिंप, टाकी कापू नका. धुतलेली आहे असं कोणी म्हणालं तरी नको. पाण्याच्या टेबलावर अॅल्युमिनियम कापलं तर खाली हायड्रोजन साठतो, त्याचा भडका उडू शकतो.

मशीन घेऊन आलो. पहिल्या दिवशी काय करू?

कॉम्प्रेसरची टाकी पूर्ण ड्रेन करा. पाइप झटकून हवा मोकळी सोडा, मग नळी मशीनला जोडा. जुनं असेल तर नोझल, इलेक्ट्रोड, स्विर्ल रिंग सगळं नवं घाला आणि निघालेले भाग डबीत ठेवा, कुठला किती झिजला हे पुढं ओळखायला कामी येतात. जुन्या मॉडेलवर दाब मशीनच्या तक्त्याप्रमाणं, हवा वाहत असताना जुळवा, बंद असताना नाही. अर्थ क्लॅम्प जॉबला, रंग खरवडून, कटच्या जवळ लावा, टेबलाच्या पायाला नको.

मग तुमच्या रोजच्या प्लेटचा एक हातभर तुकडा घ्या आणि त्यावर पाच वेगवेगळ्या वेगांनी पाच रेषा कापा. सगळ्यात स्वच्छ रेषेवर खडूनं तारीख आणि अँप लिहून तो तुकडा मशीनच्या वर भिंतीला टांगा. आमच्या जुन्या प्लाझ्माचा तो तुकडा अजून टांगलेला आहे. कट बिघडला असं कोणी म्हणालं की नवा तुकडा त्याच्या शेजारी धरतो.